भूल उतरताना : शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तासातील श्वासमार्गाची काळजी

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या दुआबात वसलेले इस्लामपूर हे वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. या शहराचे नाव ईश्वरपूर असे करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये घेतला. पंचक्रोशीच्या तोंडी मात्र जुने नाव रुळलेले आहे. साखराळे, पेठ, कामेरी, बहे, बोरगाव अशा गावांतील माणसाला शस्त्रक्रियेची गरज भासली, की त्याची पहिली मजल बहुधा येथवर असते. येथे शासनाचे उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी रुग्णालयेही बरीच आहेत, आणि दुखणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे असेल तर कऱ्हाड, सांगली व मिरज ही ठिकाणे फार दूर नाहीत. हर्निया, अपेंडिक्सची सूज, उसाच्या हंगामातील अपघातांत मोडलेली हाडे, अडलेली बाळंतपणे, मुलांच्या टॉन्सिलच्या गाठी अशा नाना कारणांनी माणसे शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत येतात.

त्या दाराबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या दृष्टीने सारी चिंता दार उघडेपर्यंतची असते. दार उघडते, डॉक्टर बाहेर येऊन शस्त्रक्रिया व्यवस्थित झाल्याचे सांगतात, कोणीतरी गावाकडे फोन लावतो आणि कोणी चहाला निघतो. भूलतज्ज्ञाची काळजी मात्र त्या वेळी संपलेली नसते. शेवटचा टाका घातल्यापासून रुग्ण पुरता शुद्धीवर येऊन स्वतःचा श्वास स्वतः सांभाळू लागेपर्यंतचा काळ त्याला तितकाच अवघड वाटतो, आणि त्याला कारणही तसेच आहे. ब्रिटनमधील सर्व शासकीय रुग्णालयांतून एक वर्षभर गोळा केलेल्या माहितीचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे वर्षाकाठी सुमारे २९ लक्ष रुग्णांना पूर्ण भूल दिली जाते. त्यांपैकी श्वासमार्गाची गंभीर आपत्ती ओढवल्याच्या १३३ घटना भूलशास्त्राच्या खात्यावर नोंदल्या गेल्या, म्हणजे सुमारे बावीस हजारांत एक. हे प्रमाण फार अल्प आहे, याविषयी दुमत नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की यांतील जवळजवळ एक-तृतीयांश आपत्ती भूल देताना किंवा शस्त्रक्रिया चालू असताना घडलेल्या नव्हत्या. त्या भूल उतरत असताना किंवा त्यानंतरच्या निगराणी कक्षात घडल्या होत्या. साधनसंपन्न देशात ही स्थिती असेल, तर तालुक्याच्या रुग्णालयांनी या तासाकडे अधिकच डोळसपणे पाहणे आवश्यक ठरते.

श्वास का अडतो

झोप आणि भूल या वरवर सारख्या दिसणाऱ्या अवस्थांत मोठा फरक आहे. झोपलेल्या माणसाच्या घशात थुंकी साचली तर त्याला ठसका लागतो. श्वास अडला तर तो कूस बदलतो किंवा दचकून जागा होतो. हे पहारेकरी झोपेतही जागे असतात. पूर्ण भुलीत त्यांना हेतुपूर्वक झोपविलेले असते, कारण त्याशिवाय श्वासनलिकेत नळी घालता येत नाही आणि पोटाचे स्नायू सैल पडत नाहीत. पूर्ण भूल देताना साधारणपणे तीन प्रकारची औषधे योजिली जातात. एक शुद्ध हरपविते, दुसरे वेदना थांबविते आणि तिसरे स्नायूंना सैल करते. तिन्हींचा परिणाम श्वासावर होतो. शस्त्रक्रिया चालू असताना नळी व यंत्र ही उणीव भरून काढतात. अखेरीस नळी काढून घेतली जाते आणि श्वासाचा कारभार पुन्हा रुग्णाच्या हाती सोपविला जातो. हे हस्तांतर होताना तिन्ही औषधांचा अंश शरीरात थोडाफार शिल्लक असतो. अडचण येथे उद्भवते.

हाताशी वेळ किती असतो, तेही पाहिले पाहिजे. साध्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. अशा हवेवर असलेल्या निरोगी प्रौढाचा श्वास पुरता बंद झाला, तर रक्तातील प्राणवायू एक-दोन मिनिटांतच धोक्याच्या पातळीखाली जातो. त्याला आधी काही मिनिटे शुद्ध प्राणवायू दिलेला असेल तर हीच मुदत आठ मिनिटांपर्यंत लांबू शकते. लहान मूल, गरोदर स्त्री आणि स्थूल व्यक्ती यांच्या बाबतीत ती बरीच कमी असते. मेंदूला प्राणवायूवाचून राहता येते ते जेमतेम चार मिनिटे. म्हणून नळी काढण्यापूर्वी काही मिनिटे शुद्ध प्राणवायू देण्याचा प्रघात आहे. या साठ्याच्या जोरावर अडचणीच्या वेळी उपाय करण्यास अवसर मिळतो.

क्लोरोफॉर्मच्या काळातील वाद

भूल दिलेल्या माणसाच्या हृदयाकडे पाहावे की श्वासाकडे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात मोठ्या वादाचा विषय झाला होता. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. पुढल्या वर्षी एडिंबरो येथे सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणला, आणि जानेवारी १८४८ मध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी पायाचे नख काढण्यासारख्या किरकोळ शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्मखाली दगावली. तेव्हापासून हा वाद सुरू झाला. त्याचा एक महत्त्वाचा अध्याय भारतात, हैदराबाद संस्थानात लिहिला गेला. मराठवाडा त्या वेळी याच संस्थानात होता. निजामाच्या द्रव्यसाहाय्याने १८८८ व १८८९ मध्ये तेथे दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. त्यांचे प्रवर्तक एडवर्ड लॉरी हे होते, आणि दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन यांच्यासारखे नामांकित वैद्यक मुद्दाम आले होते. प्राण्यांवरील प्रयोगांवरून आयोगाने निष्कर्ष काढला, की क्लोरोफॉर्मने प्रथम श्वास थांबतो व मग हृदय. सबब भूल देणाऱ्याने श्वासावर नजर ठेवावी.

या निष्कर्षाचा पूर्वार्ध पुढे टिकला नाही. अर्धवट भुलीत क्लोरोफॉर्ममुळे हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले. क्लोरोफॉर्मही यथावकाश व्यवहारातून गेले. श्वासावर नजर ठेवण्याचा उपदेश मात्र तसाच उरला. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेस रुग्णालय उभारले आणि त्यामुळे या भागातील शेतकऱ्याला शस्त्रक्रिया परिचयाची झाली, तो काळही क्लोरोफॉर्मचाच. नाडीवर बोट, छातीवर डोळा आणि नाकाजवळ तळहात, एवढ्या सामग्रीवर भूल देणाऱ्यांना तेव्हा काम करावे लागे.

जीभ मागे पडणे

भुलीनंतर श्वास अडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण अगदी साधे आहे. उताण्या निजलेल्या, अर्धवट शुद्धीतील रुग्णाचा खालचा जबडा सैल पडतो, जीभ घशाच्या मागील भिंतीला जाऊन टेकते आणि वाट बंद होते. वाट अर्धवट बंद असेल तर घोरण्यासारखा आवाज येतो. नातेवाइकांना वाटते, रुग्ण गाढ झोपला आहे. शस्त्रक्रियेनंतरचे घोरणे हे स्वस्थ झोपेचे लक्षण समजू नये. ती अर्ध्या बंद झालेल्या वाटेची खूण असते.

याहून महत्त्वाची बाब पुढे आहे. वाट पूर्ण बंद झाली की आवाजही थांबतो. छाती व पोट मात्र हालत राहतात, किंबहुना अधिक जोराने हालतात. छाती आत ओढली जाते, पोट वर येते आणि गळ्याच्या खाली खळगा पडतो. लांबून पाहणाऱ्याला श्वास चालू आहे असेच वाटते. नाकातोंडाजवळ हात धरला तर हवा लागत नाही. प्रशिक्षित परिचारिका आणि अननुभवी माणूस यांतील फरक अशा वेळी कळतो. आधी घोरणारा रुग्ण अचानक गप्प झाला, तर ती उठून जवळ जाते.

उपाय बहुतेक वेळा दोन हातांत असतो. मान किंचित मागे करून हनुवटी वर उचलावयाची, किंवा जबड्याच्या दोन्ही कोनांमागे बोटे घालून जबडा पुढे आणावयाचा. त्याबरोबर जीभ सुटते व श्वास मोकळा होतो. रुग्णाला कुशीवर वळविल्यास जीभ आपोआप पुढे येते आणि उलटी झाली तरी बाहेर पडते. एवढ्याने भागले नाही तर तोंडात वक्र आकाराची छोटी कडक नळी बसवितात. आर्थर ग्यूडेल या अमेरिकन भूलतज्ज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते आणि किमतीने अगदी स्वस्त असते. रुग्णाला रात्री झोपेत मोठ्याने घोरण्याची व मध्येच श्वास थांबण्याची सवय असेल, तर त्याच्या बाबतीत हा धोका वाढतो, आणि वेदनाशामक म्हणून मॉर्फिनच्या जातीचे औषध दिले असल्यास तो रात्रभर टिकू शकतो. ही औषधे श्वासाचा वेग कमी करतात. मिनिटाला आठ-दहापेक्षा कमी श्वास मोजले गेले तर डॉक्टरांना कळविणे आवश्यक असते. त्या औषधावर उतारा म्हणून नॅलोक्सोन हे इंजेक्शन असते.

स्वरतंतूंची पकड

दुसरी आपत्ती कमी वेळा घडते, पण पाहणाऱ्याचा थरकाप उडवते. स्वरयंत्रातील दोन स्वरतंतू हे श्वासनलिकेचे दार होय. अन्नाचा कण चुकून तिकडे गेला तर ते क्षणार्धात मिटतात, आणि ही निसर्गाची योजना आहे. भूल अर्धी उतरलेली असताना रक्ताचा एखादा थेंब, लाळ किंवा बाहेर निघणारी नळी यांचा स्पर्श झाला, तर हे दार मिटते आणि मिटलेलेच राहते. स्वीडनमध्ये लक्षाहून अधिक भुलींची पाहणी करून १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही घटना दर हजारी सुमारे नऊ वेळा आढळली. नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांत ती हजारी सतरा होती. सर्दी-खोकला नुकताच होऊन गेलेले मूल आणि टॉन्सिलची शस्त्रक्रिया हे दोन योग एकत्र आले की भूलतज्ज्ञ अधिक सावध होतो. सर्दीमुळे मुलाची शस्त्रक्रिया दोन आठवडे पुढे ढकलली गेली, तर पालकांनी त्रागा करण्याचे कारण नाही.

या वेळी करावयाच्या उपायांत क्रम असतो. प्रथम घशातील रक्त व लाळ शोषक यंत्राने काढून घेतात. मग तोंडावर घट्ट मास्क धरून, जबडा पुढे ओढून, दाबाखाली शुद्ध प्राणवायू देतात. कानाच्या पाळीमागील खोबणीत दोन्ही बाजूंनी बोटांनी जोराने दाबण्याची एक युक्तीही आहे आणि पुष्कळदा पकड तेवढ्याने सुटते. न सुटल्यास प्रोपोफॉलची अल्प मात्रा देऊन भूल पुन्हा थोडी गाढ करतात. तरीही दार न उघडले तर सक्सिनिलकोलिन हे स्नायू सैल करणारे औषध देऊन नळी पुन्हा घातली जाते. हे सारे दोन-तीन मिनिटांत उरकावयाचे असते. औषध सिरिंजमध्ये आधीच भरून ठेवलेले असणे आणि कपाटाची किल्ली शोधावी लागणे, यांत रुग्णाच्या जिवाचे अंतर असते. धडधाकट तरुणांत आणखी एक गुंतागुंत संभवते. बंद दाराविरुद्ध जोराने श्वास ओढल्याने फुप्फुसांत पाणी साचते आणि खोकल्यातून गुलाबी फेस येतो. दार उघडले म्हणून अशा रुग्णाला लगेच वॉर्डात पाठविता येत नाही.

नळीच्या घर्षणाने स्वरयंत्राला सूज येणे, दमेकऱ्याच्या किंवा धूम्रपान करणाऱ्याच्या श्वासवाहिन्या आकुंचन पावणे, याही गोष्टी घडतात. वाफेतून दिलेली औषधे, स्टेरॉइडची इंजेक्शने व प्राणवायू यांनी त्या बहुधा आटोक्यात येतात. घसा दुखणे व आवाज एक-दोन दिवस बसणे हे तर नेहमीचेच. त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. आठवड्यानंतरही आवाज बसलेलाच असेल तर मात्र दाखवून घ्यावे.

स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंश राहून गेला, तर रुग्ण जागा असतो, सारे ऐकतो, पण त्याला श्वास पुरेसा घेता येत नाही. तो पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तडफडतो व हातवारे करतो. कोणी त्याला घाबरट समजून झोपेचे औषध देऊ लागले तर अनर्थच. निओस्टिग्मिन व ग्लायकोपायरोलेट यांचे मिश्रण, किंवा सुगॅमाडेक्स, ही औषधे हा अंश निष्प्रभ करतात. रुग्णाला पाच सेकंद डोके उशीवरून उचलून धरता येते काय, ही जुनी कसोटी आजही उपयोगी पडते. परंतु ती पुरेशी नाही, आणि मनगटाजवळील मज्जातंतूला सूक्ष्म विद्युत्स्पंद देऊन स्नायूंची ताकद मोजणारे उपकरण अधिक विश्वासार्ह आहे.

गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा एक प्रसंग स्वतंत्रपणे सांगितला पाहिजे. गलगंडाची गाठ काढल्यावर काही तासांनी जखमेच्या आत रक्तस्राव सुरू झाला, तर बंद टाक्यांच्या आड रक्त साचते, मान फुगते, आवाज बदलतो आणि श्वास गुदमरतो. येथे श्वासनलिकेत नळी घालण्याचा प्रयत्न सुजेमुळे फसू शकतो. रुग्णाच्या खाटेवरच टाके कापून साचलेले रक्त बाहेर काढणे, हा प्राण वाचविणारा उपाय होय. त्यासाठी अशा रुग्णाच्या उशाशी टाके कापण्याचे साहित्य ठेवण्याची पद्धत आहे. रात्रपाळीच्या परिचारिकेला ते कशासाठी ठेवले आहे हे ठाऊक नसेल, तर त्या ट्रेचा उपयोग नाही.

एक घोट चहा

भूल देण्यापूर्वी उपाशी ठेवण्याचे कारण गावोगाव नीट कळलेले नाही. पोटात अन्न असेल तर ते भुलीत उलटून श्वासनलिकेत उतरू शकते. भूल चढताना हा धोका असतो, तसाच उतरतानाही असतो. न्यू यॉर्कच्या एका प्रसूतिरुग्णालयातील ४४,०१६ गरोदरपणांची माहिती तपासून मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये असे ६६ प्रसंग नोंदविले. त्यांतील दोन स्त्रिया घनपदार्थाने श्वासनलिका बंद होऊन मृत्यू पावल्या. जठरातील आम्ल फुप्फुसात गेल्याने होणाऱ्या विकाराला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

हल्लीचा नियम असा, की हलके जेवण सहा तास आधी, आईचे दूध चार तास आधी आणि स्वच्छ पाणी दोन तास आधी थांबवावे. दुधाचा चहा हा पाण्यात जमा होत नाही, तो जेवणात जमा होतो. आपल्याकडे चहाला कोणी अन्न समजत नाही आणि सकाळच्या चहाशिवाय दिवस उजाडत नाही. त्यामुळे ‘काही खाल्ले का’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येते आणि ते देणाऱ्याच्या दृष्टीने खरेही असते. म्हणून विचारताना चहा, बिस्कीट, मिश्री व तंबाखू यांची नावे घेऊन विचारावे लागते. लहान मूल रडते म्हणून आजीने पदराआडून बिस्कीट देणे हेही घडते. त्या मायेला दोष देता येत नाही. कारण समजावून सांगितले तर हीच आजी मुलावर पहारा ठेवते, असा रुग्णालयांचा अनुभव आहे.

हलणारा दात, कवळी, दमा, पूर्वीच्या भुलीच्या वेळी आलेली अडचण, रात्रीचे घोरणे या गोष्टी भूलतज्ज्ञाला अगोदर समजणे आवश्यक असते. सुपारी व गुटखा यांच्या सेवनाने गालाचे आतील अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी असे रुग्ण येतच असतात. ज्याच्या तोंडात दोन बोटेही सरकत नाहीत, त्याच्या श्वासनलिकेत नळी घालणे कठीण, आणि ती काढल्यावर पुन्हा घालण्याची वेळ आली तर त्याहून कठीण. अशा रुग्णांची नळी केव्हा, कोठे व कोणत्या तयारीने काढावी, याविषयी अखिल भारतीय पातळीवरील तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत.

बोटावरचा चिमटा

मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण आढळले आणि हे शहर राज्यभर चर्चेत आले. त्या रुग्णांवर मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचार झाले. त्या साथीत घराघरांत एक छोटे उपकरण पोहोचले. बोटाला चिमट्यासारखे लावायचे आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण टक्क्यांत दाखविणारे ऑक्सिमीटर आता आशासेविकेच्या पिशवीतही असते. या उपकरणाचे मूळ तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधले, आणि त्याचा प्रसार प्रथम झाला तो शस्त्रक्रियागृहांत व भूल उतरण्याच्या कक्षांत. ओठ निळे पडलेले डोळ्यांना दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, सावळ्या वर्णात तर अधिकच. हा उशीर ऑक्सिमीटरने वाचविला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये तयार केलेल्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासणी-यादीत भूल देण्यापूर्वी हे उपकरण रुग्णाला लावून चालू आहे काय, हे विचारण्यात येते. श्वासमार्ग अवघड आहे काय, हा प्रश्नही त्याच यादीत आहे.

या उपकरणाची मर्यादाही जाणून घेतली पाहिजे. शंभरावरून नव्वदपर्यंत आकडा सावकाश उतरतो आणि नव्वदच्या खाली तो कड्यावरून पडावा तसा घसरतो. ९२ हा आकडा पाहून ‘अजून बरेच आहेत’ असे म्हणता येत नाही. शिवाय मास्कने प्राणवायू चालू असेल तर श्वास फार मंद झाला असतानाही आकडा काही काळ चांगला राहतो, आणि शरीरात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. तो मोजण्यासाठी कॅप्नोग्राफ हे वेगळे यंत्र लागते. जेथे ते नाही, तेथे मिनिटाला श्वास किती, हे घड्याळ लावून मोजण्यास पर्याय नाही.

रुग्णाजवळ कोण असते

येथवर सांगितलेली सामग्री पाहिली, तर तिच्यात फार महागाचे काही नाही : प्राणवायूची सोय, शोषक यंत्र, मास्क व हवा दाबण्याची पिशवी, ग्यूडेलच्या नळ्या, नळी पुन्हा घालण्याचे साहित्य, ऑक्सिमीटर आणि चार-पाच औषधे. कोरोनाच्या काळात अनेक शासकीय रुग्णालयांत हवेतून प्राणवायू वेगळा करणारे संच बसले. ते आज चालू स्थितीत आहेत काय, हे पाहणे मात्र अगत्याचे आहे. खरी टंचाई माणसांची आहे. तालुक्याच्या ठिकाणी पूर्णवेळ भूलतज्ज्ञ मिळणे अवघड असते. पुष्कळ ठिकाणी एकच भूलतज्ज्ञ दिवसभरात तीन-चार रुग्णालयांत जातो. एकीकडे शेवटचा टाका पडत असताना दुसरीकडे सिझेरियनसाठी त्याला फोन आलेला असतो. तो निघून गेल्यावर अर्धवट शुद्धीतील रुग्णाच्या उशाशी कोण उभे आहे, या प्रश्नाच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून असते.

ग्रामीण आरोग्य अभियानात एम.बी.बी.एस. डॉक्टरांना अडलेल्या बाळंतिणींसाठी भूल देण्याचे अठरा आठवड्यांचे प्रशिक्षण सुरू करण्यात आले. त्याचा उपयोग झाला आहे. तथापि भूल उतरतानाची देखरेख हे मुख्यतः परिचारिकेचे काम आहे आणि तिच्या प्रशिक्षणाकडे तितके लक्ष गेलेले दिसत नाही. जबडा पुढे ओढणे, कुशीवर वळविणे, पिशवीने श्वास देणे ही कौशल्ये पुतळ्यावर थोड्याच दिवसांत शिकविता येतात, पण वर्षातून एकदा उजळणी झाली नाही तर ती हातातून जातात. शिकविलेल्या परिचारिकेची सहा महिन्यांनी नेत्रविभागात बदली झाली, तर शिकविणे वाया गेले म्हणावयाचे. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांसाठी रुग्ण कल्याण समित्या आहेत. त्यांच्या बैठकांत रंगरंगोटी व पाण्याची टाकी यांवर चर्चा होते, ती व्हावीच. शस्त्रक्रियागृहालगत भूल उतरण्यासाठी वेगळी खाट आहे काय, तेथे रुग्णामागे एक प्रशिक्षित परिचारिका बसते काय, आणि शोषक यंत्र वीज गेल्यावर पायाने चालविता येते काय, हे तीन प्रश्नही सदस्यांना विचारता येतील. त्यांसाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही.

वॉर्डात जाण्यापूर्वी

रुग्ण वॉर्डात नेण्याजोगा झाला की नाही, हे अंदाजाने ठरवू नये म्हणून १९७० मध्ये आल्ड्रेट या भूलतज्ज्ञाने एक सोपी गुणपद्धती सुचविली. हातपाय हालविणे, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि त्वचेचा रंग या पाचांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यावयाचे. रंगाच्या जागी पुढे ऑक्सिमीटरचा आकडा आला. दहापैकी नऊ गुण मिळाले की रुग्ण हलवावा. एखाद्या शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी ही पद्धत आहे, आणि म्हणूनच ती टिकली. गुणांचा कागद रुग्णाबरोबर वॉर्डात जातो. तेथील परिचारिकेला कोणती भूल दिली, शेवटचे वेदनाशामक किती वाजता दिले व कशावर लक्ष ठेवावे, हे तोंडी सांगून शिवाय त्यावर लिहिलेले असते.

वॉर्डात खाटेशेजारी एक नातेवाईक बसतो. त्याला सांगावयाचे ते थोडके असते : उशी काढलेली असेल तर परत घालू नये, कुशीवर निजविलेल्या रुग्णास उताणा करू नये, प्राणवायूचा मास्क ‘त्याला त्रास होतो’ म्हणून बाजूला सारू नये. घोरणे वाढले, घोरता घोरता एकाएकी शांतता झाली, टॉन्सिल काढलेले मूल झोपेत सारखे गिळत राहिले, कारण ते रक्त गिळत असू शकते, किंवा गळ्याचा पट्टा आवळल्यासारखा दिसू लागला, तर परिचारिकेला ताबडतोब हाक मारावी; ती रागावेल म्हणून थांबू नये. घसा कोरडा पडतो आणि रुग्ण पाणी मागतो. त्याला आधी नाव विचारावे, खोकण्यास सांगावे, आणि स्पष्ट आवाजात उत्तर आले तरी पहिला घोट परिचारिकेला विचारूनच द्यावा.